गिदोन मास्तरांचे भुंगे

गिदोन मास्तरांना राग येत नाही. मला विचाराल तर माणसाची ही मोठी खोड आहे. माणसाने कधीतरी चिडावं की नाही? मी साखर सांडली तरी टपरी डोक्यावर घेते. मास्तरांचं सहा महिन्यांचं काम कुणी मातीत घातलं, तरी ते शांतपणे चष्मा पुसत बसतात. हे मी उगाच म्हणत नाही, तसं खरंच झालं. तेच सांगायचंय.

भिंगार सोडून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डावीकडे खारेवाडीचा फाटा येतो. तिथून आत गेलं की हत्तीतळं. बादशाहीत इथे हत्ती धुवायचे म्हणतात. मी काही बघायला नव्हते. माझ्या वेळेपासून इथे म्हशी, पोरं, आणि रविवारी नगरहून फिरायला येणारी माणसं. ती पायडलच्या बोटीत बसतात, माझ्याकडे चहा-भजी खातात आणि कागद तिथेच टाकून जातात. मी मनकर्णा. लग्न होऊन आले तेव्हापासून या तळ्याच्या बांधावर माझी टपरी आहे.

मास्तर म्हणजे गिदोन साळवे. शाळेतले मास्तर नव्हेत. भिंगारला लष्कराच्या पोहण्याच्या तलावावर ते नोकरीला होते. पाणी बदलायचं, फरशा घासायच्या आणि साहेबांच्या पोरांना पोहायला शिकवायचं. रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवशी सायकल मारत हत्तीतळ्यावर हजर. मला सलाम करून म्हणाले, "साहेबांची पोरं शिकली, आता आपली शिकू देत." तेव्हापासून दर उन्हाळ्यात सकाळी त्यांचा वर्ग भरतो. चर्चमधली पोरं येतात, विहारापलीकडची येतात, खारेवाडीची तर उघडीच येतात.

त्यांची शिकवायची रीत जुनी. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की अगदी हलकं होतं. त्याचा जाडजूड तुकडा पोराच्या पाठीला सुती दोरीने बांधायचा. त्याला म्हणतात बिंडा. बिंडा बांधला की पोर बुडता बुडत नाही. आणि मग रोज संध्याकाळी मास्तर घरी ओट्यावर बसून वाकसाने तो बिंडा थोडा थोडा तासतात. इतका थोडा की पोराला पत्ताच लागत नाही. उन्हाळा सरता सरता पाठीवर उरते नुसती एक ढलपी, आणि पोर तळ्याच्या मध्यावर हातपाय मारत असतं. काठावर आलं की मास्तर म्हणतात, "आता पाठ चाचपून बघ." पोर पाठीवर हात फिरवतं आणि त्याचं तोंड असं काही होतं की माझ्या चुलीवरचा चहा उतू जातो.

खारेवाडीचा आजचा सरपंच अंगद, तोही असाच शिकला. सगळ्यात भित्रा होता. आता मिशांना पीळ देतो, पण बिंडा बांधताना कसा भोकाड पसरायचा ते मी त्याला अधूनमधून आठवण करून देते.

मी स्वतः मात्र कधी घोट्याच्या वर पाण्यात गेले नाही. आमच्याकडे बाया धुणं घेऊन काठापर्यंत जातात, तेवढंच. एवढी वर्षं पाण्याकडे तोंड करून बसले आणि पाणी कसं लागतं ते माहीत नाही. याचं मला वाईट वाटायचं. पण बोलणार कुणाला? म्हातारपणी हिला कुठली थेरं सुचतात, असंच म्हणाले असते लोक.

मग आली जलपर्णी.

कुठून आली कुणास ठाऊक. कुणी म्हणे नवीन वसाहतीच्या नाल्यातून, कुणी म्हणे कुणीतरी हौसेने फूल बघून आणून टाकली. पहिल्या वर्षी आम्हाला कौतुकच. हिरवीगार चकचकीत पानं आणि वर जांभळे तुरे! नगरहून लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला यायची. माझी भजी पुरत नव्हती. मास्तर एकटे म्हणाले, "मनाबाई, हे फूल मला बरं दिसत नाही. खाली पाण्याला श्वास नाही." मी म्हटलं, तुम्हाला मेलं चांगलं काही दिसतच नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर तळं दिसेना. गुडघाभर उंच रान माजलं. त्यावरून बगळे चालायचे, चालायचे म्हणजे खरोखर चालायचे. बोटी जागच्या जागी अडकल्या. मासे मेले. डास तर असे की भज्यापेक्षा गिऱ्हाईकच जास्त खाल्लं जायचं. मग कुठूनतरी एक यंत्र आलं, त्याने दोन दिवस घरघर करत ती पर्णी कापली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण कापलेल्या एकेका तुकड्याला नवीन मुळं फुटली आणि पावसाच्या आत दुप्पट झाली. म्हणतात ना, आगीतून फुफाट्यात.

तरी मास्तरांनी वर्ग सोडला नाही. बांधाच्या पायऱ्यांशी हाताने उपटून उपटून त्यांनी अंगणाएवढं पाणी मोकळं ठेवलं होतं. तिथेच त्या मे महिन्यात एका पोराने सूर मारला आणि ते पर्णीच्या खाली गेलं. वर येईना. मुळांच्या जाळ्यात पाय गुंतला. मास्तर कपड्यांनिशी आत गेले. मी काठावर उभी राहून नुसती किंचाळत होते, दुसरं येत काय होतं मला? बऱ्याच वेळाने मास्तर वर आले, पोराचे केस मुठीत धरून. पोर वाचलं. मास्तर मात्र त्या दिवशी पायरीवर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. लिडियाबाई, त्यांच्या घरच्या, रिक्षा करून न्यायला आल्या.

ग्रामसभेत अंगदने विषय काढला. "मास्तर, तुमी म्हंजे आमाला देवमानूस. पन उद्या एखादं पोर गेलं तर कुनाच्या तोंडाकडं बगायचं? तळ्याला तारेचं कुंपन घालायचं, ठरलंय."

मास्तर उभे राहिले. "अंगद, कुंपण घातलं की ते परत निघत नाही. तळं मेलं म्हणून समज. मला दोन पावसाळे दे. दोन पावसाळ्यांनंतरच्या गुढीपाडव्याला पाणी दिसलं नाही, तर पहिला खांब मी रोवतो."

आपल्या म्हाताऱ्या होत चाललेल्या मास्तरांकडे अंगद बघत राहिला. नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. पण सिमेंटचे खांब तेवढे आधीच मागवलेले होते, ते येऊन पडले. कुठे? तर माझ्या टपरीच्या शेजारी! रोज सकाळी उठून त्या खांबांचं तोंड बघायचं. मला संताप संताप व्हायचा.

मास्तर त्या पावसाळ्यात कुठे कुठे जाऊन विचारत फिरले. आणि एक दिवस सायकलच्या मागे थर्माकोलचा खोका बांधून आले. बरोबर स्कूटीवर एक मुलगी. पंकजा तिचं नाव, शेतकीच्या कॉलेजात किड्यांचा अभ्यास करते. मला वाटलं, खोक्यात आइस्क्रीम असेल. तिने झाकण उघडलं तर आत पर्णीची पानं आणि पानांवर किडे! उडदाच्या दाण्याएवढे, करडे, पुढे इवलीशी सोंड.

"मावशी, हे भुंगे," ती म्हणाली. "हे फक्त जलपर्णी खातात. उपाशी मरतील, पण दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाहीत. ऊस नाही, मका नाही, तुमच्या भज्यांची मेथीसुद्धा नाही. मोठे भुंगे पान खरवडतात, अळ्या देठात शिरून आतून पोखरतात. मग झाड कुजतं आणि बुडतं."

मी तळ्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. "दर्यामे खसखस!" मी म्हटलं. "यांच्या नातवंडा-पतवंडांना तरी उरकेल का हे?"

"नातवंडं-पतवंडंच उरकणार आहेत," पंकजा हसली. "पी हळद आणि हो गोरी, असं होणार नाही. यांची वीण वाढेपर्यंत यांचा कोपरा कुणी हलवायचा नाही, एवढंच सांभाळा."

मास्तर खोक्यात डोकं घालून बसले होते. म्हणाले, "मनाबाई, बिंडा कधी एका दिवसात तासतात का?"

बाभळीखालचा कोपरा ठरला. मास्तरांनी दोरी ताणून तेवढा भाग वेगळा केला, दोरीला लिडियाबाईंच्या जुन्या लाल पातळाच्या चिंध्या बांधल्या आणि भुंगे सोडले. पंकजाच्या सांगण्यावरून नाल्याच्या तोंडाशी कर्दळी लावून घेतल्या, म्हणजे नाल्यातली घाण कर्दळीच खातील आणि पर्णीला आयतं जेवण मिळणार नाही. ते काम अंगदने मनापासून केलं, त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे.

आणि मग मास्तरांचं सुरू झालं. रोज सकाळी यायचे, चष्मा नाकावर सरकवून पानं बघायचे. पानावर खरवडल्याचे पांढुरके ठिपके दिसले की मला हाक. "मनाबाई, इकडे या! आज काय मस्त जेवलेत बघा!" जसं काही नातू घास खायला लागलाय. लिडियाबाई एकदा म्हणाल्या, "इतक्या प्रेमाने यांनी माझ्या ताटाकडे कधी बघितलं नाही." मी हसले, पण मलाही सवय लागली होती. चहाचं आधण ठेवलं की मीही एक चक्कर मारून यायचे.

आता जानेवारीचं ऐका.

आमच्या नगर जिल्ह्याला श्रमदानाचं भारी वेड. चर खणायचे असोत नाहीतर बांध घालायचा असो, हलगी वाजली की माणूस घरात राहत नाही. त्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि अंगदने श्रमदान पुकारलं. बांधाच्या बाजूची पर्णी उपटायची, म्हणजे मास्तरांना हातभार. मास्तर तेव्हा कोपरगावला भाचीच्या लग्नाला गेलेले. जाताना त्यांनी अंगदला बजावलं होतं, लाल चिंध्यांच्या आत हात लावायचा नाही. अंगदने तसं माइकवरून सांगितलंही. पण त्या गर्दीत ऐकतं कोण? एकीकडून चर्चचा तरुण संघ, दुसरीकडून विहारातलं मंडळ, मधे खारेवाडीची पोरं. कुणाचा ढीग मोठा, यावर इरेला पेटलेले. मी तळ्याच्या पलीकडच्या अंगाला चहाची किटली घेऊन फिरत होते.

आणि श्रमदानाची एक रीत आहे आमच्याकडे. नारळ फोडला की काम अर्धं टाकून उठायचं नाही. एक कोपरा सोडून उठलं तर श्रमदान वाया गेलं, असं जुनी माणसं सांगतात. दुपार कलली, सगळा काठ साफ झाला, उरला तो बाभळीखालचा तुकडा. कुणीतरी म्हणालं, "मास्तरांचा कोपरा तेवढा कशाला ठेवायचा? म्हातारा माणूस, कधी उपटनार? मास्तर आले की खूश व्हतील." झालं! दोन्ही मंडळं मिळून तुटून पडली. प्रेमापोटीच केलं मेल्यांनी, यात शंका नाही.

मी किटली घेऊन आले तेव्हा लाल चिंध्यांची दोरी नीट गुंडाळून बाभळीच्या फांदीवर टांगलेली होती. खाली पाणी मोकळं. आणि काठावर डोक्याएवढा ढीग.

मी अशी ओरडले की म्हणे फाट्यापर्यंत ऐकू गेलं. किटली कुठे पडली तेही कळलं नाही. "अरे करंट्यांनो! हे काय केलंत? भुंगे होते ना त्यात! तेच आपल्या मुळावर आलेली पर्णी खाणार होते! ही मधली उद्या पसरून परत इथे येणार आहे, तेव्हा काय हलगी वाजवाल?" हलगी वाजवणारा खाली बघायला लागला. अंगदने तर कपाळावर हात मारून घेतला.

नेमके त्याच वेळी मास्तर आले. एसटीतून उतरून, हातात लग्नाच्या लाडवांची पिशवी. मागे लिडियाबाई. त्यांनी ढीग बघितला, पाणी बघितलं. येऊन माझ्या टपरीशेजारच्या त्या सिमेंटच्या खांबावर बसले आणि चष्मा पुसायला लागले. पुसत राहिले. मला ते बघवेना. मला वाटलं, शिव्या द्याव्यात यांनी, दोन-चार जणांच्या कानाखाली वाजवावी, मग मला बरं वाटेल. तर म्हणतात काय, "पोरं सगळी दमली असतील. लाडू वाटा."

तेव्हा मला रडू आलं. मी फोन लावला पंकजाला.

ती पलीकडून म्हणाली, "मावशी, आधी रडायचं थांबवा. किडे मेले नाहीत. उन्हात ढीग वाळेपर्यंत जगतात ते. दिवसा मधल्या गुंडाळीच्या कोवळ्या पानात आणि देठाच्या बेचक्यात लपून बसतात. एकेक झाड उलगडून काढा आणि ताज्या पर्णीवर सोडा. पण सांभाळून, हात लागला की मेल्याचं सोंग घेऊन टपकन खाली पडतात."

मी हे सांगायचा अवकाश, दोन पोरं फावडी घेऊन ढिगावर चढली. उलथापालथ करायला! मी फावडं हिसकावून घेतलं. "व्हा बाजूला. हे उपसायचं काम नाही, निवडायचं आहे. तांदूळ कधी निवडलेत जन्मात?"

आणि मी खारेवाडीत आणि भिंगारला सांगावा धाडला. सुपं घेऊन या, पराती घेऊन या, आणि ज्यांचे डोळे चांगले आहेत त्या या.

आल्या की! रतनबाई आली, जी सुगीत सगळ्या वाडीचं धान्य निवडते. विहाराजवळची यशोधरा आली, शिवणाचं काम अर्धं टाकून, बोटात अंगुस्तान तसंच. चर्चच्या बायका लिडियाबाईंनी गोळा केल्या. बाभळीच्या सावलीत पोती अंथरली, मांड्या घातल्या आणि निवडायला बसलो. झाड घ्यायचं, मधला पोंगा हलकेच उलगडायचा, सुपावर झटकायचा. काळपट कण खाली पडला की बघायचं, माती आहे की जीव आहे. जीव असला तरी हलत नाही लबाड. पाय पोटाशी घेऊन निपचित. मग त्याच्याकडे बघितल्यासारखं न करता थांबायचं. थोड्या वेळाने एक पाय बाहेर काढतो.

"लई सोंगाडं हाय बाई हे," रतनबाई म्हणाली. "आमच्या मालकावर गेलंय. सरपन फोडा म्हनलं की असंच निपचित."

पोती हलली इतक्या आम्ही हसलो. पुरुष मंडळी बाजूला उभी. त्यांना आम्ही झाडं उचलून आणून द्यायला लावली. अंगदसुद्धा डोक्यावर पाटी घेऊन येत-जात होता. मास्तर उठून आले, म्हणाले, मीही निवडतो. बसले, आणि मोठ्या कौतुकाने एक कण उचलून परातीत टाकला. लिडियाबाईंनी वाकून बघितलं. "अहो, बाभळीचं बी आहे ते."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही त्या ढिगाचा पार तळ गाठला. भुंग्यांनी पराती काळ्या झाल्या. ज्या देठांत अळ्या होत्या ती झाडं वेगळी ठेवली. यशोधराने लाल चिंध्यांची दोरी परत ताणली, या वेळी दुहेरी गाठी मारून, आणि पोरांनी तळ्याच्या मधून ताजी पर्णी ओढून आणली. मास्तरांनी परात पाण्याला टेकवली. भुंगे एकेक करून पानांवर चढायला लागले. मास्तर पुटपुटले, "प्रभूची दया." मग आमच्याकडे वळून हात जोडले. "बायांनो, तुमचे उपकार कसे फेडू?"

मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "आम्हाला पोहायला शिकवा," मी म्हटलं.

कुणीतरी मागून खुसखुसलं. मी वळून असं बघितलं की ते जागच्या जागी विरलं.

मास्तरांनी हळूच विचारलं, "तुम्हाला?"

"का? आम्हाला पाणी चालत नाही का? इतकी वर्षं मी तुमच्या पोरांना टॉवेल देत आलेय. मला बघायचंय एकदा."

"मला बी," रतनबाई म्हणाली. यशोधराने नुसती मान हलवली. लिडियाबाई पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "अहो, लग्नाला एवढी वर्षं झाली. जगाला शिकवलंत."

त्यावर मास्तर चष्मा काढून पुसायला लागले. तसे ते लाल झालेले मी पहिल्यांदाच बघितले. म्हणाले, "तळं मोकळं होऊ दे. पहिला वर्ग तुमचा."

पण ओल्या कपड्यांनी बायांनी जायचं कुठे, बदलायचे कुठे, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. आणि तळं मोकळं होईल का, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. खांब तिथेच पडून होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काही विशेष दिसलं नाही. मी मास्तरांचं डोकं खाल्लं. पावसाळ्यात मात्र पानं वेगळी दिसायला लागली. सगळीकडे ठिपकेच ठिपके, कडा करपल्यासारख्या. दिवाळीला जांभळे तुरे जेमतेम आले. गुडघ्याएवढं रान वितीवर आलं. देठ मोडून बघितला तर आत पोकळ, कुजका. थंडीत तपकिरी तराफेच्या तराफे वाऱ्याने बांधाकडे यायला लागले. अंगदने पुन्हा श्रमदान लावलं, पण या वेळी प्रत्येक टोळीच्या पुढे एकेक बाई सूप घेऊन उभी. आम्ही सांगू तेच झाड उचलायचं. पोरं कुरकुरली, पण करती झाली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अंगद पंचायतीची माणसं घेऊन आला. बांधावर उभा राहिला. मी टपरीतून बघत होते, हातात झारा तसाच. पंकजाही आली होती. मास्तर खाली पायरीवर, पाठमोरे. अंगदने एक दगड उचलला आणि लांब भिरकावला.

तुम्हाला सांगते, तीन वर्षं त्या तळ्यात दगड टाकला की आवाज येत नव्हता. पानांवर पडायचा आणि गप्प बसायचा. त्या दिवशी डुबुक असा आवाज आला आणि गोल गोल लाटा पार आमच्या पायरीपर्यंत आल्या. मास्तरांच्या पायाला लागल्या. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

अंगद खाली उतरला आणि मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं. मिशीबिशी सगळी ओली.

"पर्णी काही समूळ गेलेली नाही," पंकजाने सगळ्यांना बजावलं. "बाभळीचा कोपरा असाच ठेवा. थोडी पर्णी राहील, थोडे भुंगे राहतील. ती वाढली की हे वाढतील."

"आनि ह्या खांबांचं काय करायचं?" पंचायतीतल्या एकाने विचारलं.

मी झाऱ्यासकट बाहेर आले. "मी सांगते काय करायचं. रोवायचेच आहेत ना? मग इथे रोवा, पायऱ्यांच्या बाजूला, चौकोनात. वर पत्रा आणि भोवती ताडपत्री. बायांना कपडे बदलायला." अंगदने मास्तरांकडे बघितलं. मास्तर उठले, एक खांब ओढायला लागले आणि म्हणाले, "पहिला खांब मी रोवतो म्हणालो होतो."

मे महिन्यात पहाटेच आमचा वर्ग सुरू झाला. पंजाबी ड्रेस, कमरेला ओढणी आवळलेली आणि पाठीवर बिंडा. रतनबाईचा बिंडा तिच्याएवढाच रुंद. लिडियाबाई पहिल्या दिवशी नवऱ्यावर इतक्या ओरडल्या की मलाही शिकायला मिळालं. मी? मी तर पायरीला घोरपडीसारखी चिकटले होते. मास्तर छातीएवढ्या पाण्यात उभे राहून म्हणायचे, "मनाबाई, पाण्याशी भांडू नका. ते तुमचं गिऱ्हाईक नाही." नाकातोंडात पाणी गेलं. दोनदा रडले. एकदा मास्तरांना नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी परत आले.

परवाची गोष्ट. सूर्य वर येत होता. मी हात मारत मारत चालले होते, एक, मग दुसरा, आणि लक्षात आलं की पायाखाली काहीच नाही आणि बाभूळ मागे राहिली आहे. मी तळ्याच्या मधोमध होते. पाठीमागून मास्तरांची हाक आली, "मनाबाई! आता पाठ चाचपून बघा!"

मला कळलं ते काय म्हणतायत. पण मी पाठीवर हात नेला नाही. तिथे काय उरलंय ते नंतर बघता येईल. मी पाण्यातच वळले आणि आधी माझी टपरी बघून घेतली. बांधावर, निळ्या ताडपत्रीची, चुलीचा धूर निघत असलेली. जन्म काढला तिथे, पण ती इकडून कशी दिसते ते मला माहीतच नव्हतं. छान दिसते हो.